ऐन भरात थांबलेले पाय

फुटबॉल खेळणाऱ्याचा भराचा काळ साधारणपणे पंचवीस ते तीस या वयात येतो. त्या वयात अंगात ताकद असते, पायांत वेग असतो आणि लहानपणापासून खेळत आल्यामुळे नजरही तयार झालेली असते. तिशीनंतर वेग हळूहळू कमी होऊ लागतो. मग खेळाडू धावण्यापेक्षा अनुभवावर जास्त भिस्त ठेवतो आणि तेहतीस-चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास मैदानाचा निरोप घेतो. काही जण त्याच्याही पुढे जातात. इटलीचा बचावपटू पावलो मालदिनी वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिलान या संघातून खेळला.

पण सगळ्यांचे असे होत नाही. एखादा मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी मैदानात उतरतो आणि सारे जग त्याच्याकडे बघत राहते. वर्तमानपत्रे त्याचे फोटो छापतात. हा पुढे काय काय करील, याचे अंदाज बांधले जातात. आणि मग पंचविशीत किंवा अठ्ठाविशीतच त्याचा खेळ उतरणीला लागतो. ज्या वयात इतरांचा बहर असतो, त्या वयात याचे नाव संघाच्या यादीतून गायब होते.

असे झाले की लोक दोनच कारणे सांगतात. काही म्हणतात, "बिचाऱ्याचे नशीबच खोटे!" काही म्हणतात, "पैसा मिळाला आणि डोक्यात हवा गेली." ही उत्तरे द्यायला सोपी आहेत, म्हणून ती पुन्हा पुन्हा दिली जातात. प्रत्यक्षात काय घडते ते पाहायचे असेल, तर एकेका खेळाडूची हकीकत जवळून बघायला हवी.

हॉलंड देशातील उट्रेक्ट शहरात १९६४ साली मार्को व्हॅन बास्टेन याचा जन्म झाला. अंगाने तो उंच होता. उंच खेळाडू बहुधा थोडे अवघडलेले असतात. चेंडू पायात आला की त्यांची धांदल उडते. मार्कोचे तसे नव्हते. तो एखाद्या नर्तकासारखा सहज वळत असे. आयाक्स हा आम्सटरडॅम शहराचा मशहूर संघ. १९८२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो या संघातून पहिला सामना खेळला. बदली खेळाडू म्हणून तो आत आला आणि त्याच्यासाठी मैदानाबाहेर जो गेला, तो होता योहान क्रायफ. क्रायफ म्हणजे त्या काळी हॉलंडचा सर्वांत मोठा खेळाडू. पहिल्याच सामन्यात मार्कोने गोल केला.

पुढच्या पाच वर्षांत आयाक्सकडून त्याने देशातील साखळी स्पर्धेत १३३ सामन्यांत १२८ गोल केले. म्हणजे जवळजवळ दर सामन्याला एक गोल! १९८५-८६ या एका हंगामात २६ सामन्यांत ३७ गोल करून तो साऱ्या युरोपात पहिला आला. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

डिसेंबर १९८६ मध्ये एका सामन्यात चेंडू हिसकावून घेण्यासाठी तो प्रतिस्पर्ध्यावर झेपावला. या झेपेत दुखापत झाली ती त्याच्या स्वतःच्याच घोट्याला. पाहणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. फुटबॉलमध्ये असे रोजच होते.

आता थोडे थांबून आपल्या पायाचा घोटा हाताने चाचपून पाहा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दोन टणक उंचवटे लागतील. ही नडगीच्या दोन हाडांची टोके आहेत. त्यांच्यामध्ये पाऊल जोडणारे एक लहानसे हाड बसलेले असते. हाडावर हाड घासू नये म्हणून या हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. आपण धावतो, उडी मारतो, एकदम वळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार या छोट्याशा जागेवर पडतो. कूर्चा तो भार मुकाट्याने सोसते.

हाड मोडले तर ते पुन्हा जुळते. कातडी फाटली तर ती भरून येते. कारण त्या ठिकाणी रक्त पोहोचते आणि रक्ताबरोबर दुरुस्तीचे सामान पोहोचते. कूर्चेमध्ये रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे ती एकदा झिजली किंवा फाटली, की पहिल्यासारखी पुन्हा वाढत नाही. झिजलेल्या घोट्यावर माणूस धावत राहिला, तर उरलेली कूर्चाही झपाट्याने झिजते. म्हणून अशा दुखापतीत सर्वांत मोठे औषध म्हणजे वेळेवर घेतलेली विश्रांती. आणि नेमकी तीच मोठ्या खेळाडूला मिळत नाही.

मार्कोला ती मिळाली नाही. त्या वेळी आयाक्सचे प्रशिक्षक होते खुद्द योहान क्रायफ. त्यांनी एक तोडगा काढला. सराव आणि देशातील काही सामने यांतून मार्कोला सूट मिळेल. पण युरोपातील मोठ्या स्पर्धेचे सामने त्याने खेळायचे. मार्को दुखऱ्या पायाने खेळला. मे १९८७ मध्ये अथेन्स येथे त्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. आयाक्सने तो १-० असा जिंकला आणि तो एकमेव गोल मार्कोचाच होता. सगळीकडे आनंदीआनंद झाला. घोट्याची आठवण कोणालाही राहिली नाही.

यात क्रायफ यांना एकट्याला दोष देऊन भागणार नाही. मार्कोला स्वतःलाही खेळायचेच होते. बावीस वर्षांच्या मुलाला अंतिम सामना खेळतोस का, असे विचारले तर तो नाही कसा म्हणेल? म्हणूनच हा प्रश्न त्याला एकट्याला विचारण्याचा नसतो, असे मला वाटते.

त्याच वर्षी इटलीच्या मिलान संघाने त्याला विकत घेतले. पहिल्याच हंगामात घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि साखळीचे फक्त अकरा सामने त्याच्या वाट्याला आले. १९८८ च्या उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत युरोपीय देशांची स्पर्धा भरली, तेव्हा तो बऱ्याच काळानंतर नुकताच खेळू लागला होता. पहिल्या सामन्यात त्याला बाकावर बसवण्यात आले. दुसऱ्या सामन्यात मात्र त्याने इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले. उपांत्य सामन्यात यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध, खेळ संपायला एक-दोन मिनिटे असताना, त्याने विजयी गोल केला.

मग २५ जून रोजी म्युनिक येथे सोव्हिएत संघाविरुद्ध अंतिम सामना झाला. डाव्या बाजूने एक उंच चेंडू मैदान ओलांडून उजव्या टोकाला आला. तेथून गोल जवळजवळ दिसतच नव्हता. अशा जागेवरून कोणीही चेंडू अडवून मागे पास दिला असता. मार्कोने चेंडू जमिनीला टेकू दिला नाही. हवेतच त्याने तो उजव्या पायाने मारला. समोर रिनात दासायेव हा जगातील उत्तम गोलरक्षकांपैकी एक उभा होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून वळत जाळ्यात गेला. हा गोल आजही फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोलांमध्ये मोजला जातो. तो मारणारा पाय आणि दुखरा घोटा एकाच शरीराचे होते, हे मात्र फार थोड्यांना आठवते.

यानंतरची चार वर्षे वैभवाची होती. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याने १९८८, १९८९ आणि १९९२ असा तीनदा मिळवला. मिलानने १९८९ आणि १९९० साली युरोपचे अजिंक्यपद जिंकले. त्या काळात इटलीतील बचावपटू फार कठोर खेळत. मागून येऊन पायावर लाथ बसणे ही गोलवीराची रोजचीच गोष्ट होती आणि पंच अनेकदा तिकडे काणाडोळा करीत. (पुढे १९९८ साली नियम स्पष्ट करण्यात आला. प्रतिस्पर्ध्याला इजा होईल अशा रीतीने मागून पाय घातला, तर तो गंभीर गुन्हा मानून खेळाडूला मैदानाबाहेर काढायचे, असे ठरले. मार्कोला त्याचा काहीच उपयोग नव्हता.)

नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याने युरोपातील स्पर्धेच्या एकाच सामन्यात चार गोल केले. पुढच्याच महिन्यात घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांत बरे वाटेल अशी आशा होती. त्याचे महिने झाले. २६ मे १९९३ रोजी म्युनिकमध्येच मार्सेय या फ्रेंच संघाविरुद्ध तो अंतिम सामना खेळला. तो पूर्ण बरा झालेला नव्हता. सामना संपण्याच्या चार मिनिटे आधी त्याला बाहेर बोलावण्यात आले. मिलान हरले. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात तो जगाचा लाडका झाला होता, त्याच शहरात त्याचा खेळ थांबला.

पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आणखी शस्त्रक्रिया झाल्या. दोन वर्षे तो वाट बघत राहिला. या काळातील आपल्या हालांविषयी त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. रात्री स्नानगृहापर्यंत जायचे तर पाय जमिनीवर टेकवत नसे. तो रांगत जात असे. चेंडू हवेत असताना त्याला वळवणारा हा माणूस!

ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी मिलानच्या मैदानावर एक सामना होता. त्याआधी तो साधी जीन्स आणि जाकीट घालून आला, प्रेक्षकांना हात हलवत त्याने मैदानाला एक फेरी मारली. बाकाजवळ उभे असलेले संघाचे प्रशिक्षक फाबियो कापेल्लो शिस्तीचे आणि कडक म्हणून ओळखले जात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेवटी वेदना थांबवण्यासाठी डॉक्टरांनी मार्कोच्या घोट्याची हाडे एकमेकांना कायमची जोडून टाकली. आता घोटा वळत नाही. पण दुखतही नाही.

सांध्याचे असे असते, तर स्नायूंचे काय? त्यासाठी इंग्लंडच्या मायकेल ओवेनकडे वळू या.

१९९८ च्या विश्वचषक स्पर्धेत इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना फ्रान्समधील सेंत-एत्येन या गावी झाला. अठरा वर्षांचा ओवेन मैदानाच्या मध्याजवळून चेंडू घेऊन निघाला, दोन बचावपटूंना मागे टाकले आणि गोल केला. हरणासारखा त्याचा वेग पाहून सारे थक्क झाले. सतराव्या वर्षापासून तो लिव्हरपूलकडून मोठ्या माणसांच्या सामन्यांत खेळत होता. लागोपाठ दोन हंगाम तो इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला राहिला. साखळीचे सामने, युरोपातील सामने, देशाचे सामने, असा त्याचा पाय सतत चालू होता.

१२ एप्रिल १९९९ रोजी लीड्स या शहरात एका सामन्यात तो चेंडूमागे धावला आणि एकाएकी मांडीचा मागचा भाग धरून थांबला. कोणी त्याला धक्का दिला नव्हता, कोणी लाथ मारली नव्हती.

आपल्या प्रत्येक मांडीच्या मागे तीन लांब स्नायू असतात. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा हे स्नायू लगामासारखे त्याला आवरतात. घोडा जितका वेगवान, तितका लगामावर ताण जास्त. म्हणून ही दुखापत संथ खेळाडूपेक्षा वेगवान खेळाडूला अधिक सतावते. ओवेनचा एक स्नायू तुटला. शस्त्रक्रिया करून तो पुन्हा जोडण्यात आला नाही. त्याने स्वतः नंतर सांगितले, की त्या दिवसापासून आपण एका पायात तीन आणि दुसऱ्या पायात दोन स्नायू घेऊन धावत होतो. तेव्हा त्याचे वय एकोणीस होते.

तुम्ही म्हणाल, २००१ साली तर त्याला युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला होता! खरे आहे. म्युनिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याने तीन गोल केले, तेही त्याच वर्षी. उतरण लागते ती नेहमी एका दिवसात दिसत नाही. एक पाय अशक्त झाला की शरीर न सांगता दुसऱ्यावर जास्त भार टाकते. मग तिथे काहीतरी होते. ओवेनचे स्नायू पुन्हा पुन्हा दुखावले. २००५ च्या शेवटच्या दिवशी पावलाचे हाड मोडले. २००६ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा पिळवटला. मार्च २००८ मध्ये तो इंग्लंडकडून शेवटचा खेळला. देशासाठी ८९ सामन्यांत ४० गोल, आणि वय फक्त अठ्ठावीस.

त्यानंतरही पाच वर्षे तो क्लबांकडून खेळला. पण तो वेगळाच ओवेन होता. मोकळी जागा दिसली की पूर्वी तो बाणासारखा सुटत असे. आता तो ती जागा टाळू लागला. स्नायू पुन्हा तुटेल ही भीती मनात घर करून बसली होती. शेवटची सहा-सात वर्षे आपल्याला खेळ नकोसा झाला होता, असे त्याने निवृत्तीनंतर मोकळेपणाने सांगितले. प्रेक्षकांना वाटत होते, हा आता मनापासून धावत नाही. मनापासून धावण्याचीच त्याला धास्ती होती.

याच्याही आधीच्या काळात तर एवढा इलाजही नव्हता. फ्रान्सच्या ज्युस्त फोंतेन याने १९५८ च्या विश्वचषकात सहा सामन्यांत १३ गोल केले. एका स्पर्धेतील हा विक्रम पुढच्या साठ वर्षांत कोणालाही मोडता आला नाही. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे बूट फाटल्यामुळे त्याने हे गोल संघातील एका सोबत्याचे बूट मागून घेऊन केले होते. १९६० साली त्याचा पाय मोडला. तो बरा होऊन परतला आणि १९६१ च्या सुरुवातीला पुन्हा पाय मोडला. १९६२ साली, अठ्ठाविसाव्याच वर्षी, त्याने खेळ सोडला.

घाई केली की काय होते आणि धीर धरला की काय होते, हे एकाच माणसाच्या बाबतीत बघायचे असेल, तर ब्राझीलच्या रोनाल्डोचे उदाहरण आहे. (पोर्तुगालचा रोनाल्डो वेगळा, हा त्याच्याआधीचा.) नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीत खेळताना त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी तो रोममध्ये बदली खेळाडू म्हणून मैदानात आला. तारीख होती १२ एप्रिल २०००. ओवेनच्या दुखापतीला बरोबर एक वर्ष झाले होते. आत येऊन सहा-सात मिनिटे होतात न होतात तोच गुडघ्याच्या वाटीचा मजबूत पट्टा तुटला. कोणाचाही धक्का न लागता तो कळवळत खाली पडला. विरुद्ध संघातले खेळाडूही डोक्याला हात लावून उभे राहिले. याचा खेळ आता संपला, असे पुष्कळांनी ठरवून टाकले.

या वेळी मात्र वर्षाहून अधिक काळ त्याला मोठ्या सामन्यांपासून दूर ठेवण्यात आले. गुडघा वाकवण्यापासून सगळे नव्याने शिकावे लागले. २००२ च्या विश्वचषकासाठी त्याला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. प्रशिक्षकांनी त्याला घेतले. त्याने आठ गोल केले आणि त्यांतले दोन अंतिम सामन्यातील होते. ब्राझील जगज्जेता झाला. पूर्वीची विजेसारखी धाव मात्र परत आली नाही. आता तो कमी पळून नेमक्या जागी उभा राहायला शिकला होता.

येथवर आपण शरीराबद्दल बोललो. डॉक्टरांना शरीराची छायाचित्रे काढून झीज बघता येते. पण काही खेळाडूंचे पाय शाबूत असतात, आणि तरी खेळ उतरतो. अशा वेळी लोक जास्तच निष्ठुर होतात.

उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट याच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पंधराव्या वर्षी बेलफास्टहून तो मँचेस्टरला खेळायला आला आणि घरची आठवण येऊन लगेच परत पळाला. समजूत घातल्यावर पुन्हा आला. बाविसाव्या वर्षी तो युरोपातील सर्वोत्तम खेळाडू झाला. कीर्ती इतकी मिळाली, की रस्त्यावरून चालणे कठीण झाले. दारूचे व्यसन लागले. जानेवारी १९७४ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, मँचेस्टर युनायटेडकडून तो शेवटचा खेळला. पुढे तो अनेक संघांत फिरला. पण तो पहिला बेस्ट नव्हता. २००५ साली एकोणसाठाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

आद्रियानोची हकीकत सविस्तर सांगायला हवी. रिओ दि जानेरो या ब्राझीलच्या शहरातील व्हिला क्रुझेरो या गरीब वस्तीत १९८२ साली तो जन्मला. तो दहा वर्षांचा असताना वस्तीत गोळीबार झाला आणि एक चुकार गोळी त्याच्या वडिलांच्या डोक्याला लागली. ते वाचले, पण गोळी डोक्यातच राहिली. मुलाचा खेळ हे वडिलांचे सगळ्यात मोठे सुख होते. एकोणिसाव्या वर्षी आद्रियानो इटलीतील इंटर या संघात गेला. तो धिप्पाड होता आणि त्याच्या डाव्या पायात तोफेची ताकद होती. इटलीतले लोक त्याला 'सम्राट' म्हणू लागले.

जुलै २००४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा अंतिम सामना ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात झाला. ब्राझील हरल्यातच जमा होते. भरपाईच्या वेळेत अगदी शेवटच्या क्षणी आद्रियानोने बरोबरीचा गोल केला आणि नंतर ब्राझीलने पेनल्टीवर स्पर्धा जिंकली. सात गोल करून तो स्पर्धेत पहिला आला. तो बावीस वर्षांचा होता. पुढे दहा वर्षे जगात याचेच राज्य, असे सगळे म्हणत होते.

काही दिवसांतच घरून फोन आला. वडील वारले होते.

इंटरचा कर्णधार हाविएर झानेत्ती त्या वेळी त्याच्याजवळ होता. फोन ऐकताच आद्रियानोने तो फेकून दिला आणि तो ज्या आवाजात ओरडला तो आपण विसरू शकत नाही, असे झानेत्तीने सांगितले आहे. त्या दिवसापासून झानेत्ती आणि संघाचे अध्यक्ष यांनी त्याला धाकट्या भावासारखे सांभाळायचे ठरवले. आद्रियानो खेळत राहिला. गोलही करत राहिला. प्रत्येक गोलनंतर आकाशाकडे बोट दाखवत असे. २००५ साली जर्मनीत झालेल्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यांना वाटले, हा दुःखातून सावरला.

तो सावरला नव्हता. परक्या देशात घर मोठे होते आणि रिकामे होते. तो पिऊ लागला, सरावाला उशिरा येऊ लागला, कधी येईनासाच झाला. वजन वाढले. वर्तमानपत्रांनी मेजवान्यांची छायाचित्रे छापली. वडिलांची बातमी एका दिवसात जुनी झाली. या बातम्या अनेक वर्षे ताज्या राहिल्या. घोटा सुजला तर दिसतो, दुःख सुजलेले दिसत नाही. पायाच्या दुखापतीसाठी संघाकडे डॉक्टर, यंत्रे आणि खास खोल्या होत्या. मनाला लागलेल्या मारावर काय करायचे, हे त्या काळात फुटबॉलच्या जगात फारसे कोणाला माहीत नव्हते. झानेत्तीने पुढे म्हटले, की आपण त्याला त्या अंधारातून बाहेर काढू शकलो नाही, ही आपल्या आयुष्यातील मोठी हार आहे. आद्रियानो त्याच्या पोटचा नव्हता, सख्खा भाऊ नव्हता. तरी तो असे म्हणाला.

एप्रिल २००९ मध्ये आद्रियानोने सांगून टाकले, की खेळातला आनंदच हरवला आहे. तो इटली सोडून रिओला परतला. तेथे फ्लामेंगो या आपल्या जुन्या संघाकडून खेळताना त्याने त्याच वर्षी १९ गोल केले आणि संघाने देशाची स्पर्धा जिंकली. घराजवळ राहून काही महिने का होईना, पाय पुन्हा बोलू लागले होते. पण ते टिकले नाही. २०१० साली तो पुन्हा इटलीला गेला आणि एकही गोल न करता परतला. २०११ मध्ये टाचेच्या वरची जाड शीर तुटली. तिशी येण्याआधीच मोठा खेळ संपला होता.

२०२४ साली त्याने आपल्या वस्तीविषयी एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले. लोक मला फुटबॉलमधला वाया गेलेला माणूस म्हणतात आणि मला त्या शब्दाचे वाईट वाटत नाही, असे त्याने त्यात म्हटले. आपण पितो हे त्याने लपवले नाही. पण आपण वस्तीत का परत येतो, हेही सांगितले : इथे वडिलांची आठवण आहे, इथे मला कोणी सम्राट म्हणून नव्हे तर शेजारचा मुलगा म्हणून ओळखते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिओच्या माराकाना मैदानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवण्यात आला. फ्लामेंगोचे जुने खेळाडू एका बाजूला आणि इटलीतील त्याचे सोबती दुसऱ्या बाजूला होते. आद्रियानो बेचाळीस वर्षांचा होता, अंग जड झाले होते, तरी त्याने गोल केले. मैदानातील मोठ्या पडद्यावर संगणकाच्या मदतीने त्याच्या वडिलांची हलती-बोलती प्रतिमा दाखवण्यात आली. ती बघत तो मैदानात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर रडला.